शब्दचर्चा : ‘त्सुबोनिवा’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : जपानमधील क्योतो शहरातील जुन्या घरांवरच्या एका लेखाचा अनुवाद करताना ‘त्सुबोनिवा’ या जपानी शब्दासाठी मी ‘अंगणातील बाग’ असे लिहिले आहे. ते योग्य होईल का?

उत्तर : माझ्या मते नाही. अंगण म्हटले की आपल्याला घरापुढची सारवलेली जागा दिसते; त्सुबोनिवा ही बाग मात्र घराच्या पोटात असते. क्योतोतील व्यापाऱ्यांची ‘माचिया’ घरे रस्त्याकडून अरुंद आणि आत लांबवर गेलेली असल्यामुळे त्यांना ‘वाम माशाची निजायची जागा’ असे गमतीने म्हणतात (वाम हा सापासारखा लांबट मासा; कोकणातल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही), आणि अशा घराच्या मधल्या खोल्यांना उजेड व वारा मिळतो तो या बागेतूनच.

‘निवा’ म्हणजे बाग. ‘त्सुबो’ मात्र दुहेरी आहे : एका लिपिचिन्हाने ते सुमारे ३.३ चौरस मीटरचे, म्हणजे दोन तातामी चटयांएवढे, माप होते, तर दुसऱ्याने रांजण किंवा बरणी. हेइआन काळातील (इ.स. ७९४ ते ११८५) राजवाड्यात इमारतींमधल्या बंदिस्त चौकांनाही त्सुबो म्हणत आणि तिथल्या झाडावरून त्या दालनाला, पुढे त्यात राहणाऱ्या स्त्रीलाही, नाव पडे; ‘फुजित्सुबो’ हे त्यांतलेच, फुजी म्हणजे विस्टेरियाची वेल. त्यामुळे केवळ मापावरून केलेली ‘चिमुकली बाग’ ही फोड मला अपुरी वाटते. भिंतींच्या रांजणात तळाशी साठलेली हिरवाई, हा अर्थ त्या जागेच्या अधिक जवळ जातो.

प्रतिसाद : मग सरळ ‘चौक’ का म्हणू नये? वाड्याचा चौकही घराच्या पोटातच असतो.

उत्तर : रचनेपुरते आपले म्हणणे मान्य आहे. परंतु वाड्याच्या चौकात वाळवणे पडतात, मुले खेळतात, मांडव उभा राहतो. त्सुबोनिवेत झाडलोटीखेरीज सहसा कोणी पाऊलही टाकत नाही. ती खोलीत बसून पाहायची असते : शेवाळ, नेचे, एखादा दगडी दिवा आणि चहा-समारंभाच्या घराभोवतीच्या बागेतून आलेले, वाकूनच हात धुवावे लागतील इतके बुटके ‘त्सुकुबाई’ हे पाण्याचे कुंड. उन्हाळ्यात तिथे पाणी शिंपडले की आत येणारी हवा गार होते.

म्हणून मूळ शब्द ठेवावा, पहिल्या उल्लेखाला ‘घरातल्या चौकातील बाग’ असा खुलासा जोडावा आणि ‘बाग’प्रमाणे तो स्त्रीलिंगी चालवावा.