रतनगड–कात्राबाई–हरिश्चंद्रगड : तुम्हाला वाट कोणी दाखवली?

रानवाट

काल मुलगी कात्राबाईच्या डोंगराची वाट करून आली. घरात शिरल्या शिरल्या मोबाईल पुढे धरला. भंडारदऱ्याच्या नकाशावर एक निळी रेघ, रतनवाडीपासून निघून कुमशेतवरून हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनईला टेकलेली. "बाबा, कुठ्ठेच चुकलो नाही. रेघेवरून चालत राहिलो." मला बरंच वाटलं. पण रात्री झोप लागेना, कारण त्याच रेघेच्या मध्यावर १९९३ च्या दिवाळीनंतर आम्ही सकाळभर भरकटलो होतो.

आम्ही तिघं होतो. घोटीहून शेंडीची एसटी, शेंडीहून होडीने रतनवाडी. धरण काठोकाठ. अमृतेश्वराला हात जोडले, शिड्या चढून रतनगडावर गेलो, गुहेत मुक्काम. पहाटे नेढ्यात, म्हणजे कड्याला पडलेल्या आरपार भोकात, वारा इतका की उभं राहता येईना. बसल्या बसल्याच कळसूबाई, अलंग, मदन, कुलंग बघून घेतले. मग खाली उतरून कात्राबाईच्या दिशेने निघालो आणि कारवीत शिरलो. ज्यांनी ढोरवाटा तुडवल्यात त्यांना सांगायला नको. चांगली रुंद, मळलेली, खात्रीची वाट, आणि दोनशे पावलांवर एका डबक्यापाशी संपते. मागे फिरावं तर आलो ती कोणती तेच कळत नाही.

पाणी संपत आलेलं. एका हिरड्याखाली खांद्यावर घोंगडी टाकून एक मामा उभे होते, गाई चारत. "पाचनईला जायचंय? मग हिकडं कशाला आलात पोरांनो?" गाई सात-आठ वर्षांच्या लेकीवर सोडल्या आणि तास-दीड तास आमच्यापुढे चालले. अनवाणी. खिंडीत थांबून काठीने दाखवलं, "ती कुमशेत. फुडं मुळा लागंल, ती वलांडा. पल्याड पाचनई. आता चुकायचं न्हाई." पैसे काढले तर हात मागे घेतला. जरा थांबून म्हणाले, "काडेपेटी हाय का?" दोन होत्या, एक दिली. ते वळले आणि गेले.

नाव विचारायचं राहिलं. ती पोर एकटी गाईंपाशी थांबली होती, हे तर मला कितीतरी वर्षांनी, स्वतःची मुलगी सात वर्षांची झाली तेव्हा जाणवलं.

म्हणून हा धागा. या तळ्या-डोंगरांच्या मुलखात तुम्हाला वाट कोणी दाखवली? लिहा. थोडं इकडचं तिकडचं चालेल.

सादडा

ढोरवाट!! किती वर्षांनी हा शब्द वाचला. आमचे एक काका सांगायचे, शेण ताजं दिसलं की समजायचं गाव जवळ, शेण दिसायचं बंद झालं की थांबायचं आणि हाक मारायची.

कुकर_झाला_की_येते

वाचतेय. ती काडेपेटी डोक्यातून जात नाहीये. रात्री सविस्तर लिहिते.

कड्यावरचा_वारा

हरिश्चंद्रगडाला पाचनईची वाट आता सरळ आहे, अडीच तासात वर. पण आम्ही पहिल्यांदा गेलो ते खिरेश्वरकडून. खुबी फाट्याला पहाटे एसटीतून उतरलो, पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेने अंधारात चालत गाव गाठलं. तोलार खिंडीपर्यंत ठीक. वर पठारावर धुकं असं उतरलं की पुढच्याची सॅक दिसेना. तिथे दगडावर दगड रचलेले होते. एक रास सापडली की एकाने तिथे उभं राहायचं, दुसऱ्याने पुढची शोधायची, सापडली की हाक. असे सगळे टप्पे केले. कोणी रचल्या असतील त्या राशी? आम्हाला वाट दाखवणारा माणूस दिसलाच नाही, त्याचे दगड दिसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोकणकड्यावर इंद्रवज्र. सूर्य पाठीमागे, समोर दरीत ढग, आणि त्या ढगावर आपली स्वतःची सावली, सावलीभोवती सप्तरंगी गोल. अर्धा नाही, पूर्ण गोल. शेजारी शेजारी उभे होतो तरी प्रत्येकाला आपल्याच डोक्याभोवती कडं दिसतं. दोनेक मिनिटं होतं. कोणी बोललं नाही.

पिठलं_भाकरी

@कड्यावरचा_वारा केदारेश्वराच्या गुहेत पाण्यात उतरला होतात का? चार खांबांतला एकच शाबूत. पाणी इतकं गार की पाय बधिर होतात.

कड्यावरचा_वारा

हो, कमरेएवढं होतं. एक प्रदक्षिणा झाली, दुसरी जमली नाही.

बारीची_सून

मी ट्रेकर वगैरे नाही. लग्नानंतर सासूबाई म्हणाल्या, कळसूबाईला जायचंय, नवरात्र आहे. मला वाटलं देऊळ गावात असेल. बारीतून वर बघितलं तर ढगात गेलेला डोंगर! १६४६ मीटर, महाराष्ट्रात सगळ्यात उंच. लोखंडी शिड्यांपाशी माझे पाय लटपटायला लागले. तेव्हा सासूबाई, वय साठच्या पुढे, नऊवारीचा काष्टा घट्ट करून म्हणाल्या, "खाली बघू नको, माझ्या टाचांकडं बघ." त्यांच्या टाचांच्या भेगा बघत बघत मी तिन्ही शिड्या चढले. त्या जाऊन चार वर्षं झाली. आता शिडी दिसली की मला त्या टाचा दिसतात.

सादडा

🙏

कुकर_झाला_की_येते

@बारीची_सून, डोळ्यात पाणी आणलंत ताई.

प्रश्नार्थक

जुलैमध्ये ऑफिसचा ग्रुप जातोय, सांदण दरी करावी का? कोणी केलीय पावसात?

रानवाट

नाही. अजिबात नको. साम्रदच्या लोकांना विचारा, तेही हेच सांगतील. दोन कातळांमधली चिंचोळी भेग आहे ती, वर पाऊस झाला की सगळं पाणी तिथूनच खाली जातं, बाहेर पडायला जागा नाही. थंडीत या. जुलैत रंधा धबधबा बघा, घाटघरला ढग बघा, रतनवाडीत भाताची आवणी चाललेली बघा.

नाळेतला

थोडं गंभीर लिहितो. नळीची वाट, बेलपाड्याहून हरिश्चंद्रगडावर चढणारी. आम्ही सहा जण, दोर होते, सवय होती. अर्ध्यावर सुट्या दगडांच्या घसाऱ्यात मित्राचा पाय सरकला आणि घोटा मोडला. मोबाईलला रेंज नाही. दोघं धावत खाली गेले. मला वाटलं, उद्या सकाळशिवाय कोणी येणार नाही. दोन तासांत बेलपाड्याची आठ माणसं वर आली. एक बांबू, एक घोंगडी आणि कासरे. घोंगडीची झोळी केली, मित्राला त्यात घातलं आणि ज्या दगडांवर आम्ही चार पायांवर चढलो होतो त्यांवरून बांबू खांद्यावर घेऊन ती माणसं उतरली. अंधार पडल्यावरही थांबली नाहीत. एकाच्या खांद्याची कातडी सोलली होती, ते आम्हाला खाली दिव्याच्या उजेडात दिसलं.

त्या वर्षापासून दिवाळीला आम्ही सहाही जण बेलपाड्याला जातो. वर नाही चढत. जेवतो, बसतो, परत येतो.

पिठलं_भाकरी

काय लिहावं कळत नाही. मित्र बरा आहे ना आता?

नाळेतला

हो, चालतो व्यवस्थित. त्याच्या मुलाचं बारसं झालं तेव्हा त्या आठातले पाच जण ठाण्याला आले होते.

शाळामास्तर

या मुलखाची वाट दाखवणारी माणसं म्हटली की मी मुलांना राघोजी भांगरे सांगतो. देवगावचे, अकोले तालुक्यातलेच. सावकारांच्या वह्या आणि इंग्रजांचं राज्य, दोन्हींविरुद्ध उठले. याच कड्याकपाऱ्यांतल्या वाटा त्यांना पाठ होत्या, म्हणून इतकी वर्षं हाती लागले नाहीत. १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. जिथे आपण रविवारी सॅक घेऊन जातो तिथे त्यांनी पावसाळे काढलेत. भंडारदऱ्याचं धरण तर फार नंतरचं, १९२६ मध्ये पूर्ण झालं.

लोमंडकाठी

मी स्कॉटलंडमध्ये राहते. इथे वेस्ट हायलँड वे नावाची वाट आहे, मिलगाय ते फोर्ट विल्यम १५४ किलोमीटर. १९८० मध्ये सुरू झाली. बरेच अंतर लोमंड तळ्याच्या काठाने जाते, ओक आणि बर्चचं रान, मग मोकळी माळरानं. जागोजागी खांब, त्यावर काटेरी फुलाची खूण. एकटी चालले, पूर्ण चालले, एकदाही कोणाला काही विचारावं लागलं नाही. फार सुंदर आहे आणि एकट्या बाईला निर्धास्त वाटतं, ते मी कमी लेखत नाही. पण सहाव्या दिवशी पावसात भिजत असताना एकदम वाटलं, आता कोणीतरी "इकडं कुठं गं?" म्हणायला हवं होतं. तिथेच दगडावर बसून आईला फोन लावला.

सादडा

आई काय म्हणाल्या?

लोमंडकाठी

"टोपी घातलीस का?"

घाटघरी

मी घाटघरच्या वीज प्रकल्पावर कामाला होतो. वर एक धरण, खाली कोकणाच्या अंगाला दुसरं. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालचं पाणी पंपाने वर चढवायचं, मागणी वाढली की तेच पाणी सोडून वीज करायची. २५० मेगावॅट. तर सांगायचं हे की पहिल्या पावसाआधी रात्रपाळीहून परतताना काजवे बघितले ते कायमचे डोळ्यांत राहिले. हिरडा, बेहडा, सादडा, आख्खी झाडं एका वेळी पेटायची आणि एका वेळी विझायची. आम्ही गाडीचे दिवे बंद करून थांबायचो. मे-जूनमध्ये जाणाऱ्यांनो, एवढं कराच. त्या उजेडाने नर काजवा मादीला बोलावत असतो. आपण बॅटरी मारली की त्याचं बोलावणं तिच्यापर्यंत पोचत नाही. गाड्यांची रांग बघितली की जीव तुटतो.

सादडा

माझ्या आयडीचं झाड आलं एकदाचं 🙂

पिठलं_भाकरी

विषय थोडा सोडून. पाचनईला जेवलो त्या घरी नागलीची भाकरी आणि काळभात होता. तसा वास पुन्हा कुठे आला नाही. बी मिळेल का कुठे?

शाळामास्तर

अकोले तालुक्यातल्याच कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, बीजमाता म्हणतात त्यांना, २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. गावरान बियाणं त्यांनी घरात जपलं, वाढवलं, बायकांमध्ये वाटलं. तिकडे चौकशी करा.

मुळेकाठची

लिहू की नको असं करत होते. मी कुमशेतकडची. आता नाशकात नोकरी. तुम्ही सगळे वाटेवर भेटलेल्या माणसांबद्दल लिहिताय, आम्ही ती वाटेवरची पोरं होतो. सॅकवाले दिसले की धावत जायचो. गोळ्या मिळायच्या, खरं आहे, पण त्यासाठी नाही. तुम्ही कुठून आलात ते ऐकायचं असायचं. पुणं केवढं आहे, समुद्र कसा असतो. एका ताईने मला तिच्या वहीतलं पान फाडून दिलं, त्यावर माझं नाव लिहून. शाळेत जायच्या आधी मी तेवढंच गिरवत होते.

@रानवाट, गाईंपाशी थांबलेली ती पोर घाबरली नसेल. आम्ही रोज थांबायचो. तुमचे मामा कोण ते मला सांगता येणार नाही, काठी-घोंगडीवाले तर सगळेच होते. पण काडेपेटी का मागितली ते सांगते. तेव्हा बाजार लांब होता, कार्तिकात दवाने काड्या सर्द व्हायच्या, आणि चूल विझली तर विस्तव मागायला पार दुसऱ्या वाडीला जावं लागायचं. त्या संध्याकाळी त्या पोरीच्या घरी चूल लवकर पेटली असेल.

रानवाट

ताई, तुमचं लिखाण मुलीला वाचून दाखवलं. दोनदा. दिवाळीनंतर आम्ही दोघं निघतोय, मोबाईल सॅकमध्ये ठेवून, विचारत विचारत. खिंडीच्या अलीकडे करवंदाची एक मोठी जाळी होती, तिथे मामांनी आम्हाला पाणी दाखवलं होतं. अजून आहे का?

मुळेकाठची

आहे. करवंदं खायची तर मेमध्ये या. दिवाळीनंतर आलात तर आमच्या घरी नागली निघालेली असते, उतरा. काडेपेटी नको आणू, वह्या आणा.