नवजात बाळाची गृहभेट: तपासणीचा क्रम आणि प्रतिबंधाचे स्तर

जीएनएम_तिसरं_वर्ष:
नर्सिंगच्या (जीएनएम) ग्रामीण पोस्टिंगमध्ये केस स्टडीसाठी मिळालेलं घर असं आहे: 7 दिवसांचं बाळ, जन्मवजन 2200 ग्रॅम, आई, आजी आणि फुप्फुसाच्या टीबीचे उपचार चालू असलेले आजोबा. पहिला प्रश्न, गृहभेटीची बॅग उघडल्यापासून बाळाच्या तपासणीचा क्रम काय ठेवायचा? दुसरा, आईच्या लोहाच्या गोळ्या प्राथमिक प्रतिबंधात (आजार होण्याआधीच टाळणं) लिहायच्या की द्वितीयक (झालेला आजार लवकर ओळखून उपचार)? नोट्समध्ये दोन्हीकडे सापडतात.

उपकेंद्र_सिस्टर:
आधी बाळ, मग आई, आजोबा सगळ्यात शेवटी. दिवसभराच्या भेटींनाही हाच नियम: नवजात आणि गरोदर बायांची घरं सकाळी, टीबीचं घर अखेरीला. इथे दोन्ही एकाच छपराखाली आहेत, म्हणून क्रम जास्तच सांभाळा.

बॅग अंथरुणावर किंवा जमिनीवर थेट टेकवू नका, खाली वर्तमानपत्र घाला. बाहेरच्या कप्प्यातून साबण आणि टॉवेल काढून हात धुवायचे, मगच आतला कप्पा उघडायचा. लागेल ते एकदम बाहेर काढून बॅग बंद करा. परीक्षेत गुण जातात ते इथेच, कारण मध्येच काहीतरी आठवतं आणि बाळाला लावलेला हात तसाच बॅगेत जातो.

बाळाचं आधी श्वास, मग तापमान, शेवटी वजन. बरेच जण वजनापासून सुरुवात करतात. कपडे काढले की बाळ रडतं, गार पडतं आणि पुढचे दोन्ही आकडे चुकतात. श्वास बाळ शांत असताना पूर्ण 60 सेकंद मोजा. 30 सेकंद मोजून दुप्पट करू नका, कारण नवजात बाळाचा श्वास अनियमित असतो. 60 किंवा जास्त आला तर पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही तेवढाच आला तर तो जलद श्वास. छाती खोल आत ओढली जातेय का, नाकपुड्या फुलतायत का, कण्हणं ऐकू येतं का, हेही तेव्हाच बघून घ्या.

तापमान काखेत घ्या, थर्मामीटरचं टोक काखेच्या खळग्यात मधोमध हवं. 36.5 अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर बाळाला लगेच आईच्या छातीशी उघड्या अंगाने ठेवा, टोपी-मोजे घाला आणि तासाभराने पुन्हा बघा. 35.5 च्या खाली किंवा 37.5 आणि वर असेल तर रुग्णालयात पाठवा. थंड पडलेलं बाळ वाटेतही आईच्या अंगालाच चिकटलेलं हवं.

वजनाला रिकामी झोळी लावून काटा शून्यावर आणा. पहिल्या आठवड्यात 10 टक्क्यांपर्यंत घट चालते, म्हणजे तुमच्या बाळाची सीमा 1980 ग्रॅम. त्याखाली गेलं तर आईला समोर बसवून पाजणं स्वतः बघा. नुसतं ‘दूध पितं का’ विचारलं तर उत्तर ‘हो’च येतं.

गुटी, मध, नाळेवर हळद किंवा तेल, बंद खोलीत शेगडी हे आजीला विचारा. घरात हे सगळं तीच ठरवते, म्हणून समजावायचंही तिलाच. नाळेला काहीही लावायचं नाही, ती कोरडी ठेवायची.

पीएचएन_मॅडम:
स्तर गोळीवरून ठरत नाही. ती कुणाला आणि कोणत्या अवस्थेत दिली, यावरून ठरतो. आईला रक्तक्षय नसेल तर बाळंतपणानंतर 180 दिवस रोज एक गोळी (60 मिलिग्रॅम लोह) हे विशिष्ट संरक्षण (एक ठराविक आजार टाळण्यासाठी केलेला उपाय), म्हणून प्राथमिक. हिमोग्लोबिन कमी निघालं आणि रोज दोन गोळ्या सुरू झाल्या तर तो उपचार, म्हणून द्वितीयक. त्यामुळे कोष्टकात आधी हिमोग्लोबिनचा आकडा लिहा. चहासोबत गोळी घेतली तर लोह नीट शोषलं जात नाही; कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी हवी.

तुमच्या घरातलं खरं उदाहरण आजोबांचं आहे. त्यांचे नियमित उपचार त्यांच्यासाठी द्वितीयक, पण संसर्गाची साखळी तुटते म्हणून बाळासाठी प्राथमिक. एकाच कृतीला दोन ओळी लिहा, परीक्षक अडवणार नाहीत. बाळाचा बीसीजी (टीबीची लस) झाला का, ते कार्डावर बघा. फुप्फुसाच्या टीबीच्या रुग्णाच्या घरातली 5 वर्षांखालची मुलं प्रतिबंधक उपचारासाठी तपासावी लागतात, म्हणून हे बाळ वैद्यकीय अधिकाऱ्यांना त्याच दिवशी कळवा. केस स्टडी पूर्ण होईपर्यंत थांबू नका.

जीएनएम_तिसरं_वर्ष:
धन्यवाद मॅडम, सिस्टर. गावाच्या अहवालात कमी वजनाच्या बाळांचं प्रमाण काढायचं आहे. या तिमाहीत 7 जन्मांपैकी 3 बाळं 2500 ग्रॅमच्या खाली आहेत. 43 टक्के लिहू का?

पीएचएन_मॅडम:
‘7 पैकी 3’ असंच लिहा. एवढ्या छोट्या आकड्यात एक बाळ इकडचं तिकडे झालं की टक्केवारी 14 ने हलते. छेदात जन्माच्या वेळी वजन झालेली जिवंत बाळंच धरा. घरी जन्मून चौथ्या दिवशी वजन झालेलं बाळ असेल तर ते वेगळं दाखवा. टक्केवारी हवी असेल तर उपकेंद्राच्या नोंदवहीतून सगळ्या गावांचं वर्षभराचं एकत्र काढा.

उपकेंद्र_सिस्टर:
आणि तुमची भेट आशाताईंसोबत ठेवा. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे त्यांच्या भेटी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी असतात. तुमचं वजन त्यांच्या अर्जावर चढलं तर 14 व्या दिवशी तुलना करता येईल. तोवर बाळ पुन्हा 2200 वर यायला हवं.