मदत हवी आहे: खाडीतला पाणकावळा लहान की मध्यम, कसं ठरवायचं?

नमस्कार मंडळी,

मी ठाण्याची. दोन हिवाळे झाले, रविवारी ऐरोलीच्या खाडीकडे आणि एरवी तलावपाळीला पक्षी बघते, वहीत नोंद ठेवते. जवळजवळ प्रत्येक पानावर 'पाणकावळा' आहे. गेल्या आठवड्यात वही चाळताना कळलं की दोन वेगळ्या जाती मी एकाच नावाखाली घातल्यात. तेव्हापासून चैन नाही. खाडीवर सगळ्यांचे कॅमेरे फ्लेमिंगोंकडे वळलेले असतात, मला मात्र हे काळे पक्षीच आवडतात.

तलावपाळीवरच्याबद्दल शंका नाही. ठेंगणा, आखूड चोच, चौकोनी वाटणारं डोकं, म्हणजे लहान पाणकावळा. अडचण खाडीत आहे. ओहोटीला चिखलात रोवलेल्या बांबूवर एकटाच पंख पसरून बसलेला असतो. पुस्तक म्हणतं, लहान सुमारे ५० सेंमी, मध्यम सुमारे ६५, मोठा ८० च्या वर. पण शेजारी मापाला दुसरा पक्षी नसेल तर हे आकडे काय कामाचे? पाणकावळ्यासारखाच दिसणारा तिरंदाज पक्षी मात्र ओळखता येतो, त्याची सापासारखी मान आणि भाल्यासारखी सरळ चोच चुकत नाही.

शिवाय एका जुन्या पुस्तकात 'इंडियन शॅग' असं नाव आहे. ही चौथी जात समजायची का? माझी दुर्बीण ८ × ४२ ची आहे. कृपया मार्गदर्शन करा.

प्रतिसाद १

ताई, शॅगचं आधी सांगतो. इंडियन शॅग म्हणजेच आपला मध्यम पाणकावळा. आता पुस्तकांत त्याला इंडियन कॉर्मोरंट म्हणतात. पक्षी तोच, त्यामुळे चौथी जात धरू नका.

आता चोच बघा. आकार नाही, प्रमाण. लहान पाणकावळ्याची चोच डोक्यापेक्षा स्पष्ट आखूड आणि कपाळ उभं. मध्यमची चोच सडपातळ, लांब, जवळपास डोक्याएवढी, टोकाला आकडी, कपाळ उतरतं. हे प्रमाण पक्षी एकटा असला तरी दिसतं. ऊन चांगलं असेल तर डोळाही बघा. मध्यमचा निळसर-हिरवा चमकतो, लहानचा तपकिरी काळपट दिसतो. पाठीवर खवल्यांसारखी नक्षी ठळक दिसली तर मध्यमकडे झुका.

गळ्यावरच्या पांढऱ्यावर मात्र विसंबू नका. विणीचा हंगाम नसताना लहानच्याही हनुवटीखाली पांढरं असतं.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. एक भर घालते. खाडीच्या मोकळ्या पाण्यात बरेच पाणकावळे रांग धरून, माशांना पुढे रेटत बुड्या मारताना दिसले तर ते बहुधा मध्यम. पण 'बहुधा'च लिहा, कारण लहानही थव्यात मासे धरतात. सवय पुरावा नाही, चोच पुरावा आहे.

मोठ्या पाणकावळ्याची चोच जाड आणि डोकं टोकदार, विणीच्या काळात मांडीवर पांढरा ठिपका. खाडीत पोट फिकं असलेला तपकिरी पक्षी दिसला की लोक घाईने 'मोठ्याचं पिल्लू' लिहितात. मध्यमची अल्पवयीन पिल्लंही खालून फिकी असतात. तिथेही चोचीची जाडी बघा.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचे मनापासून आभार. आज सकाळी ओहोटी धरून ऐरोलीला गेले. ११ पक्षी पाहिले, फक्त चोच आणि कपाळ यावरच नजर ठेवली. ७ मध्यम, २ लहान. एका बांबूवरच्या मध्यमचा डोळा उन्हात खरंच निळसर दिसला, दोन मिनिटं मी दुर्बीण खाली घेतली नाही! उरलेले २ उन्हाच्या उलट बाजूला होते, चोच काळ्या आकृतीत हरवली होती. ते तसेच सोडले.

एकच विचारायचं राहिलं. दोन वर्षांच्या जुन्या नोंदींचं काय करू? ठिकाण आठवून वाटणी करावी का? तलावपाळीचे लहान, खाडीचे मध्यम?

प्रतिसाद १

नाही ताई. आजच तुम्हाला खाडीत २ लहान दिसले ना? तेव्हाचे किती होते ते आता कळणार नाही. जुन्या नोंदींपुढे 'पाणकावळा, जात अनिश्चित' लिहा, संख्या तशीच ठेवा. फोटो असलेल्या नोंदी तेवढ्या चोच तपासून बदला. ते २ उन्हाआडचेही याच नावाखाली जातील.