जुना स्टीरिओ अ‍ॅम्प: दुरुस्ती की क्लास-डी बोर्ड?

प्रश्न: दर चॅनेलला ३० वॅटचा जुना अ‍ॅम्प आहे. व्हॉल्यूम शून्यावर असला तरी हम (गुंगुं असा आवाज) येतो, नॉब फिरवली की खरखर. बजेट ३००० रुपये. काय करावं?

उत्तर १: ट्रान्सफॉर्मर धड असेल तर मोडीत काढू नका, अ‍ॅम्पमधला महाग भाग तोच. शून्यावरही हम म्हणजे पहिला संशय फिल्टर कपॅसिटरवर, म्हणजे सप्लाय सपाट करणाऱ्या कपॅसिटरवर. आतलं इलेक्ट्रोलाइट सुकतं आणि १०० हर्ट्झचा रिपल (सप्लायमधला चढउतार) आउटपुटला पोचतो. मूळ ४७०० मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट असतील तर तेवढेच घ्या, फक्त १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारे. पायांमधलं अंतर आधी मोजा. खरखरीला कॉन्टॅक्ट क्लीनर पुरतो.

उत्तर २: त्याआधी प्लग काढून १ किलोओम, ५ वॅटच्या रेझिस्टरने कपॅसिटर डिस्चार्ज करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणग्या पाडायची हौस नको. नंतर पहिल्यांदा चालू करताना ६० वॅटचा साधा फिलामेंटचा बल्ब मेन्सच्या सप्लायला सिरीजमध्ये लावा. क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. लख्खच राहिला तर शॉर्ट आहे, कपॅसिटर उलटा बसलाय का बघा. मग स्पीकर न जोडता आउटपुटवर डीसी मोजा, ५० मिलिव्होल्टच्या आत हवं.

प्रश्नकर्ता: आणि टीपीए३११६ आयसीचा क्लास-डी बोर्ड (कमी तापणारा तयार अ‍ॅम्प बोर्ड) त्याच ट्रान्सफॉर्मरवर?

उत्तर १: नाही. त्याला जास्तीत जास्त २६ व्होल्टचा सिंगल सप्लाय चालतो, तुमचा सप्लाय ड्युअल (प्लस-मायनस) असेल तर त्यावर आयसी जळेल.