उत्तर: उत्तर: पुण्याहून कोण येतंय? छोटी डबी आणायची आहे

नमस्कार मंडळी,
भाचीला इथे इंग्लंडात यॉर्कला पुरातत्त्वाच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाल्याचं पाडव्याला सांगितलं होतंच. प्रबंधासाठी तिला शिरूरजवळच्या इनामगावच्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीच्या उत्खननातले गुरांचे चार-पाच दात इकडे हवेत. दात मिळवायचं ती बघेल. गणपतीच्या आधी कोणी येतंय का? काडेपेटीएवढी डबी आहे. उद्यापर्यंत कळवा.
– शुभदा

शुभदा, मी २२ला निघतोय. जागा आहे. मात्र मखराचं सामान आधीच घेतलंय, तेव्हा डबी तेवढीच, बरण्या नकोत.
– अण्णा

अण्णा, शुभदाताई, कृपा करून हे करू नका.
मी याच विषयात काम करते म्हणून कळकळीने लिहितेय. १९७२च्या कायद्यानुसार पुरावस्तू देशाबाहेर नेण्याचा अधिकार केंद्र सरकारचा किंवा त्याने नेमलेल्या संस्थेचा. उत्खननातला नमुना तपासणीसाठी पाठवायचा तर पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते. शिवाय जनावराचे अवशेष इथे आणायचे नियम वेगळेच.
– मेधा

मेधा, इतकी वर्षं सगळ्यांचं आणतोय, कस्टमने एकदाही अडवलं नाही. गुराचा दात तो, मूर्ती थोडीच आहे?
– अण्णा

अण्णा, प्रश्न कस्टमचा नाहीच.
दातावरचं एनॅमल जनावर लहान असताना तयार होतं आणि मग बदलत नाही. खडकातून मातीत आणि चाऱ्यापाण्यात उतरणारं स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य त्या वयात त्यात जातं आणि कायमचं राहतं. आपल्याकडच्या काळ्या बसाल्टवर चरलेल्या गुरात त्याच्या समस्थानिकांचं (म्हणजे त्याच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंचं) प्रमाण एक असतं, दक्षिणेकडच्या ग्रॅनाइटवर चरलेल्यात दुसरं. बारीक ड्रिलने चिमूटभर भुगा खरवडला की तीन हजार वर्षांपूर्वीचा बैल गावचाच होता की लांबून हाकत आणला होता, याचा माग लागतो. पण तो दात कुठल्या खड्ड्यातला, कुठल्या थरातला आणि कोणाच्या परवानगीने घेतला, हे कागदावर नसेल तर आलेल्या आकड्याचा उपयोग शून्य. पोरीच्या नावाला पहिल्याच कामात बट्टा लागेल.
माझे स्वतःचे नमुने (भारतातले नव्हेत) एका सहीवाचून अकरा महिने पडून होते. तिची एम.एस्सी. आहेच मुळी एका वर्षाची.
– मेधा

इनामगावचं नाव वाचून राहवलं नाही. मी शिरूरचा. घोड नदीच्या काठी उत्खनन चालू असताना शाळेने आम्हाला न्यायचं ठरवलं. घराच्या जमिनीखाली पुरलेलं लहान मूल तिथे पाहिलं. दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवलेली, आत बोटाएवढी हाडं. त्या रात्री जेवलो नाही. तिथलं काहीही डबीतून फिरू नये असं मला वाटतं.
बाकी, भाची बी.ए. ना? रसायन तिला झेपेल का?
– विनायक

विनायकराव, न झेपायला काय झालं? माझी जाऊ चाळिशीत नर्सिंग शिकली.
आता माझं. सामानाची यादी मी ठेवते. कोण काय आणतंय ते आधी मला कळवायचं हे जानेवारीत ठरलंय. परस्पर इथे टाकलं की दोघांचं सामान एकाच बॅगेत जातं. दिवाळी अंकांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.
– सुलभाकाकू

विनायककाका, झेपेल. डेक्कन कॉलेजात प्राण्यांची हाडं, जळकी धान्यं, माती यांच्या प्रयोगशाळा पुरातत्त्वाच्याच विभागात आहेत. बी.ए.ची मुलं तिथे तयार होतात. समस्थानिकं आणि संख्याशास्त्र मात्र तिने सप्टेंबरच्या आत वाचावं. शुभदाताई, नमुने इथलेच घेऊ दे. यॉर्कमध्येच कॉपरगेटला १९७६ ते ८१ उत्खनन झालं, तिथली जनावरांची हाडं ढिगाने निघाली आहेत. इनामगाव पीएच.डी.ला, रीतसर अर्ज करून.
– मेधा

मेधा, रात्री तिच्याशी बोलले. आधी रडली, मग म्हणाली, मेधाताईंचा नंबर दे. शनिवारी अकराला चालेल का?
सुलभाकाकू, यादीतून डबी काढा. अण्णा, त्या जागेत तिचा लहान कुकर बसेल?
– शुभदा