ब्राउझरमधील कुंडलीगणित: ग्रह चार अंशांनी आणि लग्न सोळा अंशांनी मागे का येते?

पैलतीर (प्रश्न)

नमस्कार. जन्मवेळ आणि जन्मस्थळ दिल्यावर निरयन (स्थिर ताऱ्यांपासून मोजलेली) कुंडली मांडून देणारे एक वेबपान मी गेल्या दोन महिन्यांपासून तयार करत आहे. सर्व गणित वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्येच व्हावे आणि कोणाचीही जन्मतारीख त्याच्या यंत्राबाहेर जाऊ नये, ही माझी अट असल्यामुळे सर्व्हरवरची कोणतीही सेवा मी वापरलेली नाही. ग्रहांसाठी व्हीएसओपी-८७ या ग्रहस्थिती काढण्याच्या फ्रेंच श्रेणी स्वतः जावास्क्रिप्टमध्ये उतरवल्या, चंद्रासाठी ईएलपी-२००० या तशाच श्रेणीतील मोठी पदे घेतली आणि आलेल्या सायन भोगांतून (वसंतसंपातापासून मोजलेल्या अंशांतून) लाहिरी अयनांश, म्हणजे सायन आणि निरयन आरंभबिंदूंतले अंतर, वजा केले.

पडताळणीसाठी माझ्या आजीची हस्तलिखित पत्रिका वापरली. तिचा जन्म गिरगावातला, १५ ऑगस्ट १९३८ चा; वेळ "मुं. टा. रात्रौ ८ वा. १५ मि." अशी नोंदलेली आहे. पत्रिकेत लग्न (जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणारा राशीचा अंश) मीन ७ अंश, रवी सिंह ३ अंश आणि राहू वृश्चिक ३ अंश असे आहे. माझ्या पानावर मात्र लग्न कुंभ २१ अंश, रवी कर्क २९ अंश आणि राहू तूळ २९ अंश येतो. मंगळ, गुरू, शनी हेही सुमारे चार अंशांनी मागे आहेत, चंद्र चार अंशांपेक्षा थोडा अधिक मागे आहे आणि लग्न तर सोळा अंशांनी. लग्नाची राशी बदलल्यामुळे सगळे भावच सरकले आहेत.

माझ्या श्रेणी उतरवण्यात चूक झाली असेल का? स्विस एफेमेरिस हे तयार ग्रहगणित वेबअसेम्ब्लीमध्ये (ब्राउझरमध्ये वेगाने चालणाऱ्या कोडमध्ये) रूपांतरित करून वापरणे अधिक योग्य ठरेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

शंकुच्छाया (उत्तर)

आपल्या श्रेणी निर्दोष असाव्यात, असे मला या आकड्यांवरूनच वाटते. व्हीएसओपी-८७ ची पूर्ण श्रेणी आपल्या काळासाठी विकलेच्या (अंशाच्या ३६०० व्या भागाच्या) आसपास अचूक आहे, आणि एखादे पद चुकीचे उतरले असते तर प्रत्येक ग्रह वेगवेगळ्या मापाने चुकला असता. सगळे एकाच दिशेला, सारख्याच अंतराने सरकले नसते.

तरीही स्विस एफेमेरिसचा विचार करण्यासारखा आहे. झुरिचच्या अ‍ॅस्ट्रोडिएन्स्ट या संस्थेचे हे काम नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या ग्रहगणितावर आधारलेले असून ते सी भाषेत असल्यामुळे एमस्क्रिप्टेन या रूपांतरकाच्या साहाय्याने वेबअसेम्ब्लीत आणता येते. १८०० ते २४०० या सहा शतकांसाठी ग्रहांची एक आणि चंद्राची एक अशा दोन फायली पुरतात. त्या एकदा ब्राउझरमध्ये साठवल्या की पान इंटरनेटशिवायही चालते. फायली नको असतील तर त्यातच असलेले मोशियर पद्धतीचे गणित वापरावे. जन्मपत्रिकेच्या कामाला ते पुरेसे आहे. एक बाब मात्र आधीच पाहून ठेवावी. त्याचा परवाना एजीपीएल स्वरूपाचा आहे, म्हणजे आपल्या पानाचा संपूर्ण मूळ कोड त्याच परवान्याखाली खुला ठेवावा लागेल किंवा व्यावसायिक परवाना विकत घ्यावा लागेल. हे बंधन नको असेल तर एमआयटी या मोकळ्या परवान्याचे अ‍ॅस्ट्रॉनॉमी इंजिन आहे, ज्याची अचूकता एका कलेच्या (अंशाच्या साठाव्या भागाच्या) आत असते.

एक कला म्हणजे फारच थोडे, असे वाटेल. परंतु विंशोत्तरी दशेला, म्हणजे जन्मनक्षत्रातल्या चंद्राच्या जागेवरून ठरणाऱ्या ग्रहांच्या कालखंडांना, ते थोडे नसते. नक्षत्राच्या ८०० कलांमध्ये शुक्राची २० वर्षे पसरलेली असतात, म्हणून जन्मनक्षत्राचा स्वामी शुक्र असल्यास चंद्राची एक कला चुकली की दशेची समाप्ती नऊ दिवसांनी सरकते. म्हणून चंद्राची पदे कापताना हात राखून कापावीत, आणि डेल्टा-टी विसरू नये. घड्याळाचा वैश्विक काळ आणि ग्रहगणिताचा समगती काळ यांत आज सुमारे ६९ सेकंदांचे अंतर आहे, आणि तेवढ्या वेळात चंद्र ३८ विकला पुढे जातो. ज्युलियन दिनांकाच्या (गणितात वापरायच्या दिवसांच्या सलग संख्येच्या) दशांशांची काळजी मात्र करू नये. जावास्क्रिप्टच्या संख्येत तो सुमारे ४० मायक्रोसेकंदांपर्यंत नीट राहतो. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांना शके १४४२ च्या ग्रहलाघव या ग्रंथात अहर्गण (आरंभापासूनची दिवसांची संख्या) आटोपशीर राहावा म्हणून ११ वर्षांची, ४०१६ दिवसांची चक्रे योजावी लागली होती. ती अडचण आपल्याला नाही.

उदयमान (उत्तर)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. आपण दिलेल्या आकड्यांत दोन स्वतंत्र चुका एकमेकींवर चढलेल्या आहेत, आणि त्या वेगळ्या करता येतात.

पहिली अयनांशाची. रवी, मंगळ, गुरू, शनी आणि राहू हे सगळे सारखेच चार अंश मागे असतील तर सायन स्थिती बरोबर असून वजा केलेला आकडा निराळा आहे, हे उघड आहे. भारत सरकारने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीने २१ मार्च १९५६ साठी २३ अंश १५ कला हा अयनांश स्वीकारला आणि चित्रा ताऱ्यावरून आरंभबिंदू ठरवणाऱ्या चित्रापक्षाचा तोच अयनांश आपण लाहिरी या नावाने वापरत आहात. आपल्या आजींची पत्रिका त्याआधीची आहे, आणि महाराष्ट्रात तेव्हा टिळक पंचांगावरूनही पत्रिका मांडल्या जात. लोकमान्यांनी पुरस्कारलेल्या त्या रैवतपक्षात रेवतीचा योगतारा (नक्षत्राचा मुख्य तारा) हा आरंभबिंदू धरला जातो आणि तो अयनांश चित्रापक्षापेक्षा सुमारे चार अंशांनी कमी असतो. कमी वजा केल्यामुळे ग्रह पुढे येतात. आपला रवी कर्केच्या २९ अंशांवर आणि पत्रिकेतला सिंहेच्या ३ अंशांवर, हे त्याचेच फळ आहे. दोन्ही रवी आकाशात एकाच जागी आहेत. त्यामुळे आपल्या पानावर अयनांश निवडण्याची सोय असावी आणि निवडलेल्या पक्षाचे नाव छापील कुंडलीवरही यावे, असा माझा आग्रह आहे. हे नाव नसलेली कुंडली पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला आपल्यासारखाच गोंधळ सोसावा लागतो.

लग्नाच्या सोळा अंशांतून हे चार वजा केल्यास बारा उरतात, आणि चंद्राचे चार अंशांवरचे "थोडे अधिक" बहुधा वीस कलांच्या आसपास भरेल. लग्न बारा अंश आणि चंद्र वीस कला सरकण्यास पाऊण तासापेक्षा थोडा कमी काळ लागतो. "मुं. टा." हा उल्लेख आपण मुंबई हे ठिकाण म्हणून वाचलेला दिसतो, तो मुंबई टाइम आहे. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली, तरी मुंबईने आपली ग्रिनिचपेक्षा ४ तास ५१ मिनिटे पुढे असलेली वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. जुन्या पत्रिकांत म्हणूनच "मुं. टा." किंवा "स्टँ. टा." (स्टँडर्ड टाइम) असे स्पष्ट लिहीत. ब्राउझरला आपण आशिया/कोलकाता हे कालक्षेत्र दिले असणार. त्यात मुंबई टाइमची नोंदच नाही आणि १९३८ साठी ते साडेपाच तासच धरते. फरक ३९ मिनिटांचा. त्यातही कुंभ आणि मीन या राशी आपल्याकडे लवकर उगवतात. मुंबईच्या अक्षांशावर कुंभ राशी सुमारे ९७ मिनिटांत उगवून जाते, म्हणून ३९ मिनिटांत नेहमीच्या पावणेदहा अंशांऐवजी बारा अंश सरकले.

याच संदर्भात दुसऱ्या महायुद्धाचा काळही तपासावा. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत प्रमाणवेळ एक तास पुढे, म्हणजे साडेसहा तास होती. ब्राउझरच्या कालक्षेत्रात ही नोंद आहे, परंतु ज्यांनी कोडमध्ये ५.५ हा आकडा थेट लिहून ठेवला आहे त्यांची त्या तीन वर्षांतली प्रत्येक पत्रिका चुकते. वेळेचा प्रकार वापरणाऱ्यालाच विचारावा: प्रमाणवेळ, मुंबई टाइम की स्थानिक वेळ. स्थानिक वेळेसाठी रेखांशाला चार मिनिटांनी गुणावे; सोलापूरसाठी तो काळ ग्रिनिचपेक्षा ५ तास ३ मिनिटे ३८ सेकंद पुढे येतो.

पैलतीर

आपण दोघांचेही मनापासून आभार. वेळ ४ तास ५१ मिनिटांनी धरल्यावर लाहिरी अयनांशाने लग्न मीन ३ अंशांवर आले आणि रेवतीचा अयनांश घेतल्यावर ते ७ अंशांवर, म्हणजे पत्रिकेत आहे तिथेच आले. चंद्रही काही कलांच्या आत जुळला. ही पत्रिका मांडणाऱ्या गृहस्थांनी हे सारे कागदावर, कोष्टके पाहून केले होते, हे लक्षात आल्यावर त्या कागदाकडे मी पुन्हा बराच वेळ पाहत राहिलो.

दुरुस्ती करताना माझीही एक चूक सापडली. सायन भोग अयनांशापेक्षा कमी असला की वजाबाकी ऋण येते, आणि जावास्क्रिप्टमध्ये ३६० ने भागून उरणारी बाकीही ऋणच राहते. त्यामुळे मीन राशीत असायला हवा तो ग्रह कुठल्याच राशीत पडत नसे. आता बाकीत ३६० मिळवून पुन्हा भाग देतो. राहू मी स्पष्ट (प्रत्यक्ष हेलकाव्यांसह) घेतला आहे आणि तो पत्रिकेशी जुळतो, तेव्हा तो तसाच ठेवावा का?

शंकुच्छाया

राहू जुळला तो या पत्रिकेपुरता. जुन्या पत्रिकांत बहुधा मध्यम (सरासरी गतीचा) राहू असतो, आणि मध्यम व स्पष्ट राहूंत दीड अंशांपर्यंत अंतर पडते. त्या अंतराचे मुख्य पद सूर्य आणि राहू यांच्यातील कोनाच्या दुपटीवर अवलंबून असते. आपल्या आजींच्या जन्मवेळी तो कोन जवळजवळ नेमका ९० अंशांचा होता, म्हणून ते पद शून्यावर आले. सूर्य राहूपासून ४५ अंशांवर असलेली पत्रिका घेऊन पाहिल्यास फरक लगेच दिसेल. दोन्ही पर्याय ठेवावेत.

एका पत्रिकेवर विसंबूही नये. सायन स्थिती नासाच्या होरायझन्स या ग्रहस्थिती देणाऱ्या ऑनलाइन सेवेशी पाचपन्नास तारखांसाठी ताडून पाहावी. आपल्या अटीला त्याने बाध येत नाही, कारण ही तपासणी आपण एकदाच आपल्या यंत्रावर करणार आहात. जुन्या तारखांसाठी मी शिवजन्माची तारीख वापरतो. १९ फेब्रुवारी १६३० ही जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेतली तारीख आहे, तर जावास्क्रिप्ट प्रत्येक तारीख ग्रेगोरियन समजते, आणि तशी १ मार्च १६३० द्यावी लागते. आपल्या पानावर १९ फेब्रुवारी १६३० टाकल्यावर मंगळवार आणि शुक्ल पक्ष आला तर दहा दिवसांची ही चूक कोडमध्ये आहे. शुक्रवार आणि फाल्गुन वद्य तृतीया आली तर दिनदर्शिकेचे रूपांतर बरोबर झाले आहे.