अभ्यासिकेच्या ग्रुपवर पुस्तकाची पीडीएफ आली, लेखकाचा फोन आला. नाव द्यावं का?

केजकर_नवीपेठ

नमस्कार मंडळी. कायदा कळणाऱ्यांनी सांगावंच, पण न कळणाऱ्यांचंही ऐकायचंय.

नवी पेठेत माझी अभ्यासिका आहे. जुन्या इमारतीचा दुसरा मजला, पार्टिशनची टेबलं, दोन एसी आणि त्यातला एक चालणारा. मी राज्यसेवेसाठीच केजहून पुण्यात आलो होतो. वयोमर्यादा उलटली, गावी परतायची लाज वाटली, मग जिथे बसून वाचायचो तीच जागा चालवायला घेतली. त्यामुळे या पोरांचं काय चाललेलं असतं ते मला वेगळं सांगावं लागत नाही.

अभ्यासिकेचा टेलिग्राम ग्रुप आहे. 'पाण्याचा जार संपला', 'निळी छत्री कोणाची' असल्या निरोपांसाठी काढला होता. हळूहळू त्यावर पुस्तकं यायला लागली. आता त्याला जोडून एक गूगल ड्राइव्ह आहे, त्यात विषयवार फोल्डर. ते लावणाऱ्या पोराची शिस्त बघितली तर त्याला परीक्षा न घेता मंत्रालयात बसवावं.

परवा एका लेखकसरांचा फोन आला. अर्थशास्त्रावरचं पुस्तक आहे त्यांचं. नवी आवृत्ती अप्पा बळवंत चौकात, म्हणजे पुस्तकांच्या बाजारात, येऊन महिनाही झालेला नाही. म्हणाले, 'तुमच्या ग्रुपवर अख्खं पुस्तक आहे. पानापानावर कोणाचा तरी अंगठा आलाय.' खरंच आलाय, मी बघितलं. मोबाईलवर एकेक पान धरून स्कॅन केलंय. सर चिडले नव्हते, दमल्यासारखे बोलत होते. फाईल काढा म्हणाले, आणि टाकणाऱ्याचं नाव द्या, मला पोलिसांत तक्रार करायचीय.

फाईल तिथल्या तिथे काढली. नाव दिलेलं नाही.

कोणी टाकली ते मला माहीत आहे. सकाळी मी कुलूप उघडायला येतो तेव्हा जिन्यात बसलेला असतो. घरचे ऊसतोडीला जातात. कॉट बेसिसचं, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचं भाडं, मेस आणि माझी फी यातच घरून आलेले पैसे संपतात. पूर्वी सीनियर पोरांची पुस्तकं निम्म्या किमतीत मिळायची. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आणि वस्तुनिष्ठ प्रश्नांची ती सगळी पुस्तकं रद्दीत गेली. या बदलाला मुदत द्या म्हणून २०२३ मध्ये पोरं पुण्यात रस्त्यावर बसली होती. मुदत मिळाली. नव्या पुस्तकांना पैसे कुठून आणायचे हे काही कोणी सांगितलं नाही.

सरांचं नुकसान झालंय हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण गुन्हा नोंदला गेला तर हा पोरगा उद्या पास होऊनही चारित्र्य पडताळणीत अडकणार. एका पुस्तकापायी नोकरीच जावी, हे प्रमाण मला पटत नाही. कायद्याने मी यात कुठे सापडतो का? आणि नाव न देणं म्हणजे चोराला पाठीशी घालणं झालं का?

टिळक_रोड_चौथा_मजला

फीची पावती देता का? देत नसाल तर आधी ते बघा, कॉपीराइट नंतर.

वकिली_शिकाऊ

केजकर दादा, मी शिवाजीनगर कोर्टात ज्युनिअर आहे. हा सल्ला नाही, गप्पा समजा.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून भंग केला तर किमान ६ महिने, जास्तीत जास्त ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. धंद्यातल्या कमाईसाठी केलेलं नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. पण २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. म्हणजे शिक्षा व्हायची तेव्हा होईल, पोलीस त्याच्या कितीतरी आधी दारात येऊ शकतात. तुमची भीती पोकळ नाही. एक मात्र सांगतो, गुन्हा नोंदला म्हणजे नोकरी आपोआप गेली असं नसतं. अवतार सिंग खटल्यात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किरकोळ प्रकरणं तारतम्याने बघायची मोकळीक दिली आहे. फॉर्ममध्ये लपवलं तर मात्र ते लपवणंच अंगाशी येतं.

आता तुमच्याबद्दल. सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, दोघांचा मिळून बेत नसेल तर, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही, असं नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय. पण ते प्रकरण कॉपीराइटचं नव्हतं. इकडे कलम ५१ आहे. नफ्यासाठी चालवलेली जागा अशा प्रसाराला वापरू दिली तर तोही भंगच. माहीत नव्हतं आणि शंका यायला कारणही नव्हतं असं दाखवता आलं तरच सुटका. तुम्ही फी घेता. टेलिग्रामचा ग्रुप ही 'जागा' का, यावर वकील भांडतील. मायस्पेस या, लोकांनी गाणी-व्हिडिओ टाकायच्या साइटच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मोघम कल्पना पुरेशी नाही, नेमकी माहिती हवी असं सांगितलं होतं. सरांच्या फोनपर्यंत तुमच्याकडे मोघम कल्पना होती. त्या पुस्तकाबद्दल आता नेमकी माहिती आहे. बाकीच्या ड्राइव्हचं काय ते आजच ठरवा, दुसऱ्या फोनची वाट बघू नका.

नावाचं म्हणाल तर फाईल काढायला नाव लागतच नाही. २०१३ च्या कॉपीराइट नियमांतला नियम ७५ आहे. सरांनी टेलिग्रामलाच रीतसर लेखी तक्रार केली तर ३६ तासांत फाईल बंद करावी लागते. पुढच्या २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर ती पुन्हा खुली होऊ शकते. पोलिसांनी किंवा कोर्टाने रीतसर विचारलं तर खोटं बोलू नका. फोनवर कोणी विचारलं म्हणून सांगायला तुम्ही बांधील नाही.

पाठपोट_झेरॉक्स

सदाशिव पेठेत माझं झेरॉक्सचं दुकान आहे, म्हणून लिहितो. इतकी वर्षं चोर आम्हीच होतो. पण सहाशे पानांचं पुस्तक पाठपोट काढून स्पायरल मारलं की खर्च छापील किमतीच्या आसपास जायचा. त्यामुळे अख्खं पुस्तक काढायचा वेडेपणा कोणी करत नसे. दोन प्रकरणं काढायची, बाकीचं मित्राच्या प्रतीत वाचायचं. कागदाच्या खर्चानेच लगाम लागायचा, त्याला पोलीस नको होता. पीडीएफला तो लगामच नाही. त्यात लेखक बुडाला असेल तर आम्हीही बुडालोय, फक्त आमच्यासाठी कोणी धागा काढत नाही.

आणि दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स दुकानाच्या खटल्यात शिक्षणासाठी प्रती चालतात असा निकाल लागला होता ना? तो इथे का लागू नाही?

वकिली_शिकाऊ

काका, तो निकाल २०१६ चा. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी रामेश्वरी फोटोकॉपीवर २०१२ मध्ये दावा लावला होता. तिथे विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाप्रमाणे वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणं काढून संच बांधले जायचे. शिकवण्याच्या ओघात शिक्षक किंवा विद्यार्थ्याने केलेली प्रत चालते, या कलम ५२ मधल्या सवलतीत ते बसलं. २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. केजकरांच्या अभ्यासिकेत शिक्षकही नाही आणि शिकवणंही नाही, खुर्ची आणि वायफाय आहे. स्वतःच्या अभ्यासासाठी काही पानं काढणं वेगळं. नुकतंच बाजारात आलेलं पुस्तक ग्रुपवर टाकणं त्यात ओढूनताणूनही बसत नाही.

राज्यव्यवस्थावाली

मी स्वतः स्पर्धा परीक्षांची पुस्तकं लिहिते. नाव सांगत नाही, इथेच चार जण त्याची पीडीएफ मागतील.

केजकर भाऊ, तुमच्या पोराबद्दल मला राग नाही. पण 'गरीब पोरगा' हे चित्र पुरं नाही. हीच मुलं क्लासची फी हजारोंनी भरतात, तिथे घासाघीस करत नाहीत. फुकट हवं ते पुस्तकच. क्लासवाल्याला दारातच पैसे द्यावे लागतात, लेखक काही दारात उभा नसतो.

पुस्तक एकदा लिहून संपत नाही, हेही कोणाच्या लक्षात येत नाही. १ जुलै २०२४ ला भारतीय दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली, तेव्हा जिथे जिथे कलमांचा उल्लेख होता ते सगळं पुन्हा तपासलं. अर्थशास्त्रवाल्यांचं तर सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले तेव्हा काय झालं असेल ते त्यांनाच माहीत. माझ्या नावाची जी पीडीएफ सगळीकडे फिरते ती जुन्या आवृत्तीची आहे, तिच्यात अजून दंड संहिताच नांदतेय. मुलं त्यावरून चुकीचं पाठ करतात आणि मला मेसेज करतात की मॅडम, तुमच्या पुस्तकात चूक आहे. मी विचारते, पुस्तक कुठून घेतलं? मग उत्तर येत नाही.

माझा खरा राग चॅनलवाल्यांवर. हजारो सदस्य, वर जाहिराती, आणि ९९ रुपये भरून 'प्रीमियम'मध्ये आलात की सगळ्या लेखकांच्या नव्या आवृत्त्या. दिल्लीतल्या एका शिक्षिकेने अशाच चॅनलांविरुद्ध दावा केला, तेव्हा २०२२ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने टेलिग्रामला चॅनल चालवणाऱ्यांची माहिती द्यायला लावली. आमचं सर्व्हर परदेशात आहे हे कारण चाललं नाही. ही ताकद तिथे वापरावी. जिन्यात बसणाऱ्या मुलाच्या मागे पोलीस लावून माझी एक प्रतही जास्त खपणार नाही. चॅनल बंद केलं की संध्याकाळी त्याच नावापुढे २ लावून नवं निघतं, हेही मी बघितलंय. तरी काही दिवस मिळतात. आमची निम्मी विक्री आवृत्ती आल्यानंतरच्या काही आठवड्यांत होते, त्यामुळे ते दिवसही कामाचे असतात.

केजकर_नवीपेठ

ताई, बोललात ते लागलं, पण खरं आहे. आमच्याकडे आयफोनवाली मंडळीही आहेत आणि ड्राइव्ह कोण किती उघडतं ते बघितलं तर पुढे तीच असतात. तरी मी जिन्यातल्या पोराला त्यांच्या रांगेत उभं करणार नाही. सरांना तक्रारीत तो फरक दिसला तरी पोलीस ठाण्यातल्या कागदावर दोघांचं कलम एकच असणार.

काल रात्री बसून ड्राइव्ह साफ केला. सध्या विकत मिळणारी सगळी पुस्तकं काढली. पोरांनी तोंडं केली. मग लक्षात आलं की फुकट आणि रीतसर मिळणारं इतकं आहे आणि तेच फोल्डर कोणी उघडत नव्हतं. एनसीईआरटीची पुस्तकं त्यांच्याच साइटवर आहेत. बालभारतीची ई-बालभारतीवर आहेत. सेनापती बापट रस्त्यावर बालभारतीचं ऑफिस आहे, पोरं तिथून रोज बसने जातात, पण अकरावीचं अर्थशास्त्र फुकट उतरवता येतं हे निम्म्यांना ठाऊक नव्हतं. राज्याची आर्थिक पाहणी, आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका, मराठी विश्वकोश, साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं, सगळं सरकारी साइटांवर आहे. ड्राइव्हमध्ये आता फाईली नाहीत, फक्त त्या साइटांचे पत्ते आहेत. यालाही कोणाची हरकत असेल तर सांगा.

आणि सरांच्या पुस्तकाच्या काही प्रती मी विकत घेतल्या. अभ्यासिकेत कपाटात राहतील, वहीत सही करायची, दोन तास वाचायचं, परत ठेवायचं. विकत घेतलेली प्रत वाचायला देण्यात गैर नसावं, नाहीतर पुणे नगर वाचन मंदिरालाही टाळं लावावं लागेल. सरांना फोन करून हे सांगितलं. म्हणाले, चांगलं केलंत, पण नाव? मी म्हटलं, सर, नाव नाही देणार. तुम्ही तक्रार दिलीत आणि पोलीस आले तर त्यांच्यासमोर खोटं बोलणार नाही, पण ते तुम्ही द्यावी असं मला वाटत नाही. त्यांनी फोन ठेवला. रागावले की विचारात पडले ते कळलं नाही.

टिळक_रोड_चौथा_मजला

पावतीचं राहिलंच.

केजकर_नवीपेठ

देतो हो काका, छापील देतो. अनुक्रमांकासकट.

वकील भाऊ, एकच शेवटचं. तो पोरगा विचारतोय की चार पुस्तकं वाचून त्याने स्वतः काढलेल्या हाताच्या नोट्स ग्रुपवर टाकू का? अक्षर मोत्यासारखं आहे, सगळ्यांना हव्या आहेत.

वकिली_शिकाऊ

टाकू दे. माहितीवर कोणाचा हक्क नसतो, ती मांडायच्या शब्दांवर असतो. त्याने स्वतःच्या शब्दांत लिहिलं असेल तर त्या नोट्सचा कॉपीराइट त्याचाच. फक्त सरांच्या पुस्तकातले तक्ते आणि आकृत्या जशाच्या तशा उतरवल्यात का ते एकदा बघा, मुलं तिथेच अडकतात. आणि प्रत्येक पानावर त्याला नाव घालायला सांगा, नाहीतर पुढच्या महिन्यात ९९ रुपयांच्या 'प्रीमियम'मध्ये 'टॉपर नोट्स' म्हणून त्याच दिसतील.